पावण्यांची पिसं

डायनासोरला उपाशी ठेवल्याचा आरोप माझ्यावर एकाच माणसाने केला. ते लासुर्ण्याचे भागवततात्या.

बारामतीत भिगवण रस्त्याला माझं फ्लेक्सचं दुकान आहे. वाढदिवस, उद्घाटन, अभिनंदन आणि श्रद्धांजली या चार प्रसंगांवर माझं घर चालतं. त्या दुपारी मी एका पुढाऱ्याच्या गालावरचे डाग संगणकावर पुसत बसलो होतो. बाहेर स्कूटर थांबली. पांढरा पायजमा, नेहरू शर्ट, टोपी असे एक सत्तरीचे गृहस्थ आत आले. बसा म्हटलं तर बसले नाहीत. काखेतली सुरळी काढून त्यांनी माझ्यासमोर पसरली. ते माझंच चित्रकथेचं पुस्तक होतं.

"ह्या बरगड्या कुणी काढल्या?"

"मीच."

"मला चष्म्याबिगर मोजता आल्या. पावणं कोट्यवधी वर्सांची वाट तुडवत आलं, आन् तुमी त्यांना आल्या आल्या उपाशी उभं केलंत? आपल्या भागात आसं करत्यात?"

मी समजावू लागलो, की तो भुकेला आहे म्हणूनच उसात शिरतो, गोष्टीची ती गरज आहे. तात्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मला त्यातलं काय कळत न्हाय. पण मत हाय."

हे वाक्य पुढे मी किती वेळा ऐकलं याला हिशेब नाही. गावातली एकही निवडणूक तात्यांनी सोडली नव्हती. सोसायटी, पंचायत, कारखाना, सगळीकडे ते उभे राहिले आणि सगळीकडे पडले. लोकांनी त्यांना मतं दिली नाहीत. तात्यांनी मात्र लोकांना आयुष्यभर मतं दिली. ऊस कधी तोडावा, पूल कुठे बांधावा, शेजारच्या पोराचं नाव काय ठेवावं, कशावरही त्यांचं मत तयार असे आणि ते ताबडतोब मांडलं जाई.

माझ्या पुस्तकाशी त्यांची गाठ चुकूनच पडली. दुकानाचं काम मंद असताना मी हौसेने एक विज्ञानकथा काढत होतो, 'काळाचा कालवा'. गोष्ट अशी की पुढच्या काळात पाणी इतकं कमी पडतं की शास्त्रज्ञ कालव्याला एक यंत्र बसवतात आणि जुन्या युगातलं पाणी ओढून आणतात. एकदा गेट जरा जास्त उचललं जातं आणि पाण्याबरोबर एक डायनासोर वाहत येऊन उसात घुसतो. पुस्तकाचे अंक बारामतीच्या एसटी स्टँडवर विकायला ठेवले होते. तात्यांनी नाव वाचलं, वर कालव्याचं चित्र बघितलं आणि यात यंदाचं पाणी कधी सुटणार ते दिलं असेल म्हणून विकत घेतलं. एसटीत बसून वाचायला लागले. लासुर्णं आलं आणि गेलं, ते इंदापूरला उतरले. तिथून परत येताना त्यांनी दुसऱ्यांदा वाचलं. "पाण्याची तारीख काय सापडली न्हाय," ते मला म्हणाले, "पण पावणं मनात बसलं."

डायनासोरला ते 'पावणं' म्हणत, आणि बोलत ते आदरार्थी बहुवचनात. पावणं आलं, पावणं बसलं, पावण्यांनी ट्रॅक्टर उलटा केला. लांबून आलेल्या माणसाशी एकेरीत बोलायची त्यांना सवय नव्हती.

दुसऱ्या अंकात मी बरगड्या झाकल्या. तात्या हजर. आता हातांची तक्रार होती. "एवढंसं हात? जेवायला बसल्याव घास तोंडापातूर जायचा कसा? पाठ खाजली तर कुणाला हाक मारायची?" मी म्हटलं, तात्या, त्या जातीचे हात तेवढेच असतात. ते म्हणाले, मला त्यातलं काय कळत न्हाय. तिसऱ्या अंकात मी हात थोडे लांब केले. तात्यांनी ते चित्र हातभर लांब धरलं, एक डोळा मिटला, बाजारात बैल बघावा तसं वरपासून खालपर्यंत बघितलं आणि मान हलवली. "आता पावणं मतं मागाय आल्यावानी दिसत्यात. हात जोडून. पूर्वीचंच बरं होतं."

मला राग यायला हवा होता. पण बारामतीत माझ्या चित्राकडे इतका वेळ बघणारं दुसरं कोण होतं? फ्लेक्सवर लोक फक्त स्वतःचा फोटो शोधतात. तो इतरांपेक्षा मोठा आहे ना, एवढं बघून जातात. मी पहिल्या अंकातले तेच हात परत काढले.

नवा अंक आला की लासुर्ण्याच्या स्टँडजवळच्या चहाच्या हॉटेलात त्याचं वाचन व्हायचं. वाचणारे तात्याच. सगळ्या पात्रांचे आवाज ते स्वतः काढायचे. शास्त्रज्ञबाईंचा बारीक आवाज, कालवा निरीक्षकाचा घोगरा, आणि डायनासोरची डरकाळी. ती डरकाळी ऐकून एकदा थांबलेल्या एसटीतल्या बायका खाली उतरल्या होत्या. त्यांना वाटलं कुणाला तरी झटका आला. वाचन झालं की मतं सुरू व्हायची. एकाचं म्हणणं, डायनासोरनं खाल्लेल्या उसाची भरपाई कारखान्याने द्यावी. दुसरा विचारायचा, हे पाणी कोणाच्या पाळीतलं धरायचं. तात्या सगळ्यांना गप्प करायचे. "फाटं फोडू नका. चर्चा फक्त पावण्यांच्या चित्राची."

अशाच एका वाचनात मालनताई आल्या आणि आमच्या सगळ्यांच्या आयुष्यात पिसं शिरली.

मालनताई शेळगावच्या. त्यांचं गावरान कोंबड्यांचं शेड होतं आणि त्या हॉटेलला अंडी पुरवायच्या. दुसरी ओळख जास्त महत्त्वाची. तात्यांना एक मुलगा आणि एक मुलगी, घरात दोघं त्यांना आण्णा म्हणत. ती मुलगी, सविता, मालनताईंच्या मुलाला दिली होती. म्हणजे हे व्याही-विहीण. त्यामुळे दोघांना एकमेकांशी बोलताना सगळा मानपान सांभाळावा लागे. पुढचं सगळं भांडण त्यांनी तो मानपान सांभाळूनच केलं, हे विशेष.

मालनताईंनी अंड्यांचे ट्रे टेकवले, तात्यांच्या हातातल्या चित्राकडे बघितलं आणि विचारलं, "ह्याची पिसं कुठं गेली?"

"विहीणबाई, हा डायनासोर हाय," तात्या म्हणाले.

"व्हय, त्योच की. कोंबडीचा खापरपणजा. सवितानं मला मोबाईलवर दावलंय. पिसं होती ह्यांना. तुमच्या आर्टिष्टनं सोलून दुकानात टांगल्यावानी काढलाय."

हॉटेलात हशा झाला. तात्यांची टोपी जरा मागे सरकली. "पिसं आली की भ्या गेलं, विहीणबाई. कोंबड्याला कोण भितंय?"

"या मग एकदा शेडवर. रागावू नका, पण या."

तात्या गेले. मालनताईंकडे 'फौजदार' नावाचा एक कोंबडा होता. पुढे काय झालं ते मला सविताने फोनवर हसून हसून सांगितलं. शेडच्या दारापासून आंब्याच्या झाडापर्यंत आणि तिथून उभ्या ट्रॉलीवर, असा तात्यांचा प्रवास झाला. फौजदार खाली उभा राहून आरवत होता आणि मालनताई विचारत होत्या, "काय इवाई, चहा वरच देऊ का?"

दुसऱ्या दिवशी मी तात्यांना विचारलं, "तात्या, भ्यालात म्हणे." ते म्हणाले, "भ्यालो न्हाय. वाट दिली." आणि पिसांविरुद्धचं त्यांचं मत त्या दिवसापासून जास्तच पक्कं झालं. ज्या माणसाला कोंबड्याने ट्रॉलीवर चढवलं, तो पिसांच्या बाजूने कसा जाईल?

हळूहळू दोन तट पडले. कातडीवाले लासुर्ण्यात आणि पिसंवाले शेळगावात. माझ्या मोबाईलवर दोन्हीकडून फोन यायचे. पिसं काढलीत तर अंक घेणार नाही, आणि पिसं काढली नाहीत तर अंक घेणार नाही. मी एका अंकात डायनासोर संपूर्णपणे पाण्याखाली ठेवला, नुसते डोळे वर. दोन्ही बाजूंनी माझ्यावर पळपुटेपणाचा ठपका ठेवला.

अधिक महिना आला. तात्यांनी जावयाला धोंड्याच्या जेवणाला बोलावलं, सोबत विहीणबाईंना मानाने बोलावलं, आणि कशासाठी कोण जाणे, मलाही. पुरणाचे धोंडे, आमटी, कुरडया, तुपाची वाटी. तात्यांच्या कारभारीण, म्हणजे काकू, वाढत होत्या. जावयाला चांदीचं निरांजन दिलं, कपडे दिले, आणि शेवटी तात्यांनी वर 'काळाचा कालवा'चे सगळे अंक ठेवले. तिथेच बिनसलं.

"जावईबापू," तात्या म्हणाले, "तुमी शिकल्यालं हायसा. घरच्या लोकांत सांगा. पिसं का कातडं?"

जावयाने एकदा आईकडे बघितलं, एकदा सासऱ्याकडे, एकदा बायकोकडे. मग म्हणाला, "धोंडं झकास झाल्यात," आणि पुढचा घास घेतला.

"त्याला कशाला मधी घालता?" मालनताई म्हणाल्या. "खरं काय ते सवितालाच ठावं हाय. बोल गं."

सविता वाढणीचं भांडं घेऊन मध्येच उभी. एका बाजूला बाप, दुसऱ्या बाजूला सासू. ती म्हणाली, "मी मोबाईलवर दावलं होतं खरं, पण..."

"म्हंजे तू लावलीस व्हय ही आग?" तात्या म्हणाले. "माझ्या घरात वाढलेली पोर पिसांकडं गेली?"

"तिला बोलायचं न्हाय," मालनताई म्हणाल्या. "आता ती आमची हाय." आणि त्या भरल्या ताटावरून उठल्या.

आमच्याकडे भरल्या ताटावरून उठणं ही साधी गोष्ट नाही. त्यातून विहीण उठणं, तेही धोंड्याच्या जेवणातून, म्हणजे नातं तुटायला लागल्याची खूण. काकूंच्या हातातली तुपाची वाटी तशीच राहिली. मालनताई ओसरीवर जाऊन चप्पल घालू लागल्या, जावई धोंडा हातात घेऊनच त्यांच्या मागे गेला, आणि तात्या जागेवर बसून एवढंच म्हणत राहिले, "मी मत मांडलं. निस्तं मत मांडलं."

त्यानंतर येणं-जाणं बंद झालं. सविता माहेरी आली नाही. नागपंचमी गेली, गौरी-गणपती गेले. काकू एकदा भाजीच्या निमित्ताने बारामतीला आल्या तेव्हा दुकानात डोकावल्या आणि भिंतीवरच्या माझ्या डायनासोरच्या चित्राकडे बघत उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "ह्याच्यापायी माझी लेक दिसंना." तात्याही दुकानात येईनासे झाले. एक दिवस सविताचा फोन आला. तिच्या आवाजात हसणं नव्हतं. "दादा, तुमी ते पिसांचं काय ते मिटवा. हितं सासूबाई जेवताना गप असत्यात आन् तितं माहेरी आण्णा. मी कुणाची बाजू घिऊ?"

मी विचार केला, की वाद ज्याच्यावरून आहे तोच नसला तर वाद राहणार नाही. पुढच्या अंकात मी डायनासोर मारला. कालव्याचं गेट बंद होताना तो दोन काळांच्या मध्ये सापडतो आणि शेवटच्या पानावर नुसतं शांत पाणी. मला ते पान आवडलं होतं.

अंक स्टँडवर गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी तात्या दुकानात आले. कित्येक महिन्यांनी. टोपी हातात होती. न सांगता बसले.

"फ्लेक्स करायचा हाय," ते म्हणाले. "श्रद्धांजलीचा."

"कोण गेलं, तात्या?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला उत्तर कळलं. मी ज्याला मारलं त्याचाच श्रद्धांजलीचा फलक आता मला छापायचा होता. तात्यांनी मजकूर तोंडी सांगितला, अडखळत. "काळाच्या कालव्यातून आलेले आमचे लाडके पावणे काळाच्या पडद्याआड." जन्म, डायनासोर युग. मृत्यू, अंक सहावा. शोकाकुल, समस्त वाचक, लासुर्णे व शेळगाव.

"शेळगाव पण?" मी विचारलं.

"मयतात कुणाला वगळत न्हाईत."

"आणि चित्र कुठलं टाकू? पिसांचं की..."

तात्यांनी थोडा विचार केला. "तोंडापुरतं घ्या. तोंडावर वाद न्हाय."

तो फलक लासुर्ण्याच्या चौकात लागला. आपल्याकडे श्रद्धांजलीचा फलक लागला की लोक आधी हात जोडतात आणि मग वाचतात. रस्त्याने जाणाऱ्या गाड्या हळू व्हायच्या. एक मोठी गाडी थांबली, आतून पांढऱ्या कपड्यातले कुणी साहेब उतरले, त्यांनी डोळे मिटून नमस्कार केला आणि शेजारच्या माणसाला हळू आवाजात विचारलं, "कुणापैकी होते?" तो माणूस म्हणाला, "समद्यांचंच होतं." साहेब मान हलवून, हळहळून निघून गेले. वर बघून त्यांना दात दिसले नसतील असं मला वाटत नाही. पण दुःखाच्या ठिकाणी माणूस असल्या गोष्टी विचारत नाही.

शोकसभा त्याच चौकात झाली. सतरंजी, उदबत्त्या, हार घातलेलं तोंड. मला बोलावणं होतं. मी मागे उभा होतो. इतक्यात शेळगावची जीप आली आणि मालनताई उतरल्या. पांढरं पातळ, डोक्यावर पदर. मागे सविता. धोंड्याच्या जेवणापासून त्यांनी लासुर्ण्यात पाऊल टाकलं नव्हतं. त्या सरळ पुढे गेल्या, फलकाला हात जोडले, आणि काकूंच्या शेजारी जाऊन बसल्या. काकूंनी त्यांचा हात धरला. सविता आईला बिलगली.

तात्या म्हणाले, "विहीणबाई, आलासा."

"मयताला राग धरत न्हाईत, इवाई," मालनताई म्हणाल्या.

मग भाषणं झाली. कुणी पाहुण्याच्या ताकदीबद्दल बोललं, कुणी स्वभावाबद्दल. मालनताई म्हणाल्या, "पिसं आसूंदे न्हाय तर नसूंदे, जनावर चांगलं होतं. बिचाऱ्याला हितलं कायच म्हायती नव्हतं." आणि तात्यांनी डोळ्याला टोपी लावली. मग कुणीतरी मागून ओरडलं, "मारणाऱ्यानं पण बोलावं!" सगळ्यांनी वळून माझ्याकडे बघितलं. आयुष्यात इतक्या माणसांनी माझ्या कलेमुळे माझ्याकडे त्याआधी कधी बघितलं नव्हतं.

मी उभा राहिलो, पण बोलायला तोंड उघडायच्या आत तात्या आणि मालनताई एकदम बोलले. "आणा त्याला माघारी."

"अहो, तो मेला," मी म्हणालो.

"कालव्याचं गेट तुमच्याच हातात हाय का न्हाय?" तात्या म्हणाले. "मंग उचला पुन्यांदा."

"बरोबर हाय इवायांचं," मालनताई म्हणाल्या. त्या दोघांचं एकमत मी पहिल्यांदाच बघत होतो. शास्त्राच्या दृष्टीनेही त्यात चूक काढता येत नव्हती. सातव्या अंकात गेट पुन्हा उचललं गेलं. पाहुणा परत आला, मानेवर पिसं आणि खाली कातडं. तात्या म्हणाले, मफलर घातल्यावानी दिसतंय. मालनताई म्हणाल्या, अर्धवट सोललाय. दोघंही सारखेच नाराज झाले, म्हणून घरात शांतता नांदली. दिवाळीला सविता माहेरी आली.

पुढचं वर्षभर ते दोघं जे भांडले, ते बघण्यासारखं होतं. अंडी आणायचा वार ठरलेला होता. मालनताई आल्या की तात्या आधीच हॉटेलात येऊन बसलेले असत. समोर अंक. चहा सांगितला जाई आणि मग, "या विहीणबाई, जरा शेपटीचं बघा," इथून सुरुवात होई. कुणी मध्ये पडलं तर दोघं मिळून त्याला हाकलत. एकदा मी तात्यांना विचारलं, पिसं आली तर तुमचं एवढं काय बिघडणार आहे? ते हसले. "मला हितं समदी 'व्हय तात्या, व्हय तात्या' करत्यात आन् पाठ वळली की सोडून देत्यात. ती बाई न्हाय म्हणती आन् पुढच्या वारी परत येती न्हाय म्हणाया."

मग त्यांच्या छातीत दुखायला लागलं. बारामतीच्या दवाखान्यात ठेवलं. नवा अंक छापायला जायचा होता, पण मी आधी पानं घेऊन त्यांच्याकडे गेलो. मुद्दाम मी त्या अंकात पाहुण्याला डोक्यापासून शेपटीपर्यंत पिसं काढली होती. वाटलं, बघताच उठून बसतील, चिडतील, मत मांडतील. बाहेर बाकावर मालनताई डबा घेऊन बसल्या होत्या. त्यांना मी चित्र दाखवलं. त्या म्हणाल्या, "जावा. भांडाय लावा त्यांना जरा."

तात्यांनी पान हातात घेतलं. हात लांब केला, पण तो फार वेळ लांब राहिला नाही. पान पोटावर ठेवून बघत राहिले.

"चांगलं काढलंय," ते म्हणाले.

"तात्या, पिसं आहेत. सगळीकडे."

"आसूं द्या. शोभत्यात."

मी तिथे थोडा वेळ बसलो. ते डोळे मिटून पडले होते. बाहेर आलो तेव्हा मालनताई उभ्या राहिल्या. "काय म्हणालं?"

"शोभत्यात म्हणाले."

त्यांनी डब्याचं झाकण घट्ट लावून तो पिशवीत घातला आणि पिशवीतून मोबाईल काढला. "सविताला फोन करते," त्या म्हणाल्या. "निघून ये म्हणते."

सविता वेळेत पोचली. तात्या त्याच आठवड्यात गेले.

दहाव्याला नदीकाठी सगळं गाव होतं. प्रवचन झालं, कारखान्याची माणसं बोलली. ज्यांनी त्यांना कधी मत दिलं नव्हतं ते सगळे चांगलं बोलले. मग पिंड ठेवला, पानावर पुरण, भजी, भाकरी, आणि सगळे मागे सरून उभे राहिले. समोर बाभळीवर कावळे होते. एकही खाली येईना. उन्हं चढली. तात्यांच्या मुलाने पुढे होऊन हात जोडले, "आण्णा, आईला सांभाळीन." कावळे जागचे हलेनात. "सविताला अंतर देणार न्हाय." एका कावळ्याने चोच फांदीला घासली, बस्स. काकूंनी मीठ-भाकरीची आठवण काढली. भटजी घड्याळाकडे बघायला लागले. दर्भाचा कावळा करायचा का, असं कुणीतरी हळूच विचारलं.

तेव्हा सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या. मी पुढे गेलो, घसा साफ केला आणि इतक्या लोकांसमोर पिंडाला म्हणालो, "तात्या, पिसं काढून टाकतो. पुढच्या अंकापासून एकही पीस दिसणार नाही." काही माणसांनी मान डोलावली, त्यांना वाटलं आता येणारच. कावळे बसल्या जागी बसून राहिले.

"सरा बाजूला," मालनताई म्हणाल्या. पदर खोचून त्या पिंडासमोर येऊन उभ्या राहिल्या. "इवाई, ऐका. दवाखान्यात तुमी शोभत्यात म्हणालासा, ते मी धरत न्हाय. आजारी माणसाचं मत मोजत न्हाईत. आसं आर्धं टाकून जायची रीत हाय का? पिसं हायती आन् ऱ्हाणार. हा आर्टिष्ट काय बी बोलूंदे, मी एक पीस काढू द्यायची न्हाय. तुमचं काय म्हणणं आसंल ते या आन् सांगा!"

बाभळ हलली. एक मोठा कावळा सरळ खाली आला, पानाभोवती दोन उड्या मारून त्याने मालनताईंकडे मान तिरकी करून बघितलं, भज्याला चोच मारली आणि ते घेऊन उडाला. सगळ्या नदीकाठाने एकदम श्वास सोडला.

मालनताई तो दिसेनासा होईपर्यंत वर बघत होत्या. "बघा आर्टिष्ट," त्या म्हणाल्या. "शेवटी पिसं घालूनच आलं."

मग त्या तिथेच वाळूत खाली बसल्या. दहा दिवस सगळ्यांना धीर देत फिरणारी ती बाई मोठ्याने रडायला लागली, आणि सविता त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.